सगळ्यांचा एकच नंबर

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. संध्याकाळी आबा आमच्या ओट्यावर येऊन बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बंडीच्या खिशातून चौघडी घातलेले कागद काढले. मका विक्रीसाठी ज्यांनी नावं नोंदवली होती त्यांची ती यादी. अनुक्रमांक, नाव, गट नंबर, क्षेत्र, मोबाइल. आबांनी शेवटच्या रकान्यावर बोट टेकवलं.

"सर, मना नंबर हाऊ नही शे."

मी पाहिलं. २१४७४८३६४७.

"मना आंडोरना बी हाऊच. शेजारना बी हाऊच. हाऊ नंबर शे तरी कोना?"

चष्मा लावून मी पानं उलटली. ४१२ नावं होती आणि ४११ जणांचा मोबाइल नंबर एकच. बापाचा तोच, लेकाचा तोच. बांधावरून बारा वर्षं कोर्टात भांडणाऱ्या दोन चुलतभावांचाही तोच. त्या दोघांचं एकमत व्हायला एवढंच बाकी होतं.

हसण्यासारखी गोष्ट नव्हती खरं तर. माल कोणत्या दिवशी आणायचा याचा मेसेज मोबाइलवर येणार होता आणि तो कुणालाच आला नव्हता. आबांचा मका पत्र्याखाली पडून, वर आभाळ भरलेलं. नोंदणी कुठे झाली होती ते सांगत नाही. गाव लहान आहे आणि मला इथेच राहायचं आहे. पण "वरून सिस्टीममधूनच तसं आलंय" हे उत्तर आबांना तीन वेळा मिळालं होतं. चौथ्या वेळेला ते गणिताच्या मास्तराकडे आले.

मी गिरणेकाठच्या एका हायस्कुलात सत्तावीस वर्षं गणित शिकवतो. माझी एक जुनी खोड आहे. समोर कुठलीही संख्या आली, गाडीची पाटी असो की एसटीचं तिकीट, की मनातल्या मनात तिला फोडायला घ्यायचं. दोनने, तीनने, सातने, अकराने. बायको याला 'सरांचं दळण' म्हणते. आबा बोलत होते आणि मी यादीच्या मागच्या बाजूला दळण सुरू केलं होतं.

दोनने भागलं, बाकी एक. तीनसाठी अंकांची बेरीज केली, ४६ आली, बाकी एक. नऊनेही एक. सातने भागलं, बाकी एक. अकराची युक्ती लावली, पुन्हा एक. मी थांबलो. एखादी संख्या भागली जात नाही हे रोजचंच आहे, पण दर वेळी दारापर्यंत येऊन एका पावलाने हुकावी हे जरा चमत्कारिक वाटलं. पाचने बाकी दोन आली आणि तेराने दहा, तेव्हा कुठे ती चाल मोडली.

मग लक्ष गेलं यादीतल्या ४१२ व्या माणसाकडे, म्हणजे ज्याचा नंबर वेगळा होता त्याच्याकडे. त्या गृहस्थांनी स्वतःचा मोबाइल न देता पुण्यात राहणाऱ्या मुलाच्या घरचा लँडलाइन दिला होता. पुण्याचा कोड ०२०, पुढे आठ अंक. सुरुवातीचं शून्य गळालं होतं, बाकी नंबर जसाच्या तसा, वीसने सुरू होणारा. त्याचा वाचला आणि बाकीच्यांचा का गेला? आपल्याकडचे मोबाइल सहा, सात, आठ नाहीतर नऊने सुरू होतात. म्हणजे ते सगळे २१४७४८३६४७ पेक्षा मोठे, आणि पुण्याचा तेवढा लहान. चौकट ठेंगणी होती. ज्याचं डोकं चौकटीला लागलं तो तिथेच थांबला आणि यंत्राने त्याची उंची म्हणून चौकटीची उंची लिहून घेतली.

पेन आपोआप चालायला लागलं. १०२४, २०४८, ४०९६... दुप्पट करत करत एकतिसाव्या वेळेला आलं २१४७४८३६४८. यादीतली संख्या याच्याहून एकने कमी.

तेव्हा ओळख पटली. कॉलेजात असताना हिची भेट झाली होती, पण ती पुस्तकात. ती आमच्या गावात, मक्याच्या यादीवर, ४११ माणसांच्या नावापुढे बसलेली भेटेल असं वाटलं नव्हतं.

आबांना हे कसं सांगायचं, हा प्रश्न होता. मला आजीची मापं आठवली. दशमान मापं १९५८ पासून येऊ लागली, पण आमच्या घरच्या फडताळात जुनी लोखंडी वजनं माझ्या लहानपणापर्यंत पडून होती आणि आबांनी तर ती वापरलेली. छटाक, अदपाव, पावशेर, अच्छेर. दोन छटाक म्हणजे अदपाव, दोन अदपाव म्हणजे पावशेर, दोन पावशेर म्हणजे अच्छेर, दोन अच्छेर म्हणजे शेर. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. ही चार वजनं एकेक असली की एका छटाकापासून पंधरा छटाकांपर्यंत हवं ते तोलता येतं. अकरा छटाक हवं असेल तर अच्छेर, अदपाव आणि छटाक. पण चारही वजनं एकदम पारड्यात टाकली तरी शेर भरत नाही, एक छटाक कमीच पडतो. शेर हवा तर पाचवं वजन आणा.

संगणक हेच करतो. त्याच्याकडे आकडा ठेवायला बऱ्याचदा बत्तीस खण असतात. एक खण अधिक-उण्याच्या खुणेसाठी जातो, उरले एकतीस. म्हणजे दुपटीदुपटीची एकतीस वजनं. सगळी पारड्यात टाकली की होतात २१४७४८३६४७, दोनच्या एकतिसाव्या घाताला एक कमी. यापुढे तोलायला त्याच्याकडे माप नाही. आबांचा नव्व्याण्णवने सुरू होणारा नंबर समोर आला, तराजू खाली टेकला आणि यंत्राने लिहून टाकलं, 'जास्तीत जास्त एवढं'.

आबांना छटाक-अदपाव लगेच पटलं. "आते समजनं," म्हणाले. मग क्षणभराने, "पन मना नंबर तोलाले कोणी सांगेल व्हतं?"

पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला, तर तोही वेगळ्या शब्दांत तेच म्हणाला. "सर, रकाना आकड्याचा ठेवला असणार. मोबाइल नंबर मजकूर म्हणून ठेवायचा असतो. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही तो आकडा नसतोच." सत्तावीस वर्षं शिकवून हे वाक्य मला सुचलं नव्हतं. असो. त्याने निरोप कुणाला आणि कसा द्यायचा ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी आबा आणि मी जाऊन तो दिला, आठवड्याने यादी दुरुस्त होऊन आली. आबांचा मका थोडा दमटला, पण गेला.

यादी दुरुस्त झाली तरी ती संख्या काही माझ्या डोक्यातून गेली नाही. कारण ही नुसती चौकटीची उंची नाही. ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून हिला कुणीही भागत नाही. आणि हे यंत्राच्या रचनेमुळे झालेलं नाही, हा निव्वळ योग आहे. सोळा खणांच्या जुन्या मांडणीत कमाल आकडा येतो ३२७६७, तो सरळ ७ गुणिले ३१ गुणिले १५१ असा फुटतो. चौसष्ट खणांचा कमाल आकडाही सातने भागला जातो. बत्तीस खणांचा तेवढा अभंग.

हिचे शेजारी पाहा. एक घर पुढचं म्हणजे २१४७४८३६४८, ते तर दोनाशिवाय कशाचंच बनलेलं नाही, एकतीस वेळा अर्धं करत जा, शेवटी एक उरतो. एक घर मागचं, २१४७४८३६४६. तेही आपल्याकडच्या खातेफोडीसारखं फुटतं: २, ३, पुन्हा ३, ७, ११, ३१, १५१ आणि ३३१. म्हणून त्या संध्याकाळी मला दर वेळी बाकी एक येत होती. मी ज्या ज्या संख्येने भागत होतो ती मागच्या घरात राहत होती. दोन्ही बाजूंना वाटण्या झालेल्या आणि मधलं घर एकत्र. खानदेशात असं घर मी अजून पाहिलेलं नाही.

कुणालाही भाग न जाणारी संख्या आमच्या गावात ४११ जणांना वाटली गेली, ही गंमत मला अजून पुरत नाही.

आता ती मूळ आहे हे कळलं कसं, याची कथा. दुप्पट करत जायचं आणि एक वजा करायचा, अशा संख्यांचं वेड जुनं आहे. ३, ७, ३१, १२७ या सगळ्या अशाच, आणि सगळ्या मूळ. घात स्वतः मूळ नसेल तर काम होत नाही. आजीची चार वजनं घ्या, पंधरा छटाक, तीन पंचे पंधरा. पण घात मूळ असला म्हणजे झालंच असंही नाही. अकरा वजनांचे २०४७ होतात आणि ते २३ गुणिले ८९ असे फुटतात. ही पहिली ठेच. बोलोन्याच्या कतालदीने १५८८ मध्ये सतरा आणि एकोणीस वजनांच्या संख्या तपासल्या, १३१०७१ आणि ५२४२८७, दोन्ही मूळ निघाल्या. पुढे तेविसावी फसली, ४७ ने भागली गेली. एकोणतिसावी फसली, २३३ ने. पॅरिसचा मर्सेन हा ख्रिस्ती साधू १६४४ मध्ये एक यादी देऊन मोकळा झाला, की २५७ पर्यंतच्या अमुक अमुक घातांवर मूळ संख्या मिळतात. त्या यादीत ३१ होता, पण पुरावा नव्हता. पुढे त्याच्या यादीतले दोन घात चुकीचे निघाले आणि तीन राहून गेलेले सापडले. तरी या संख्यांना नाव त्याचंच पडलं. यादी चुकली तरी यादी करणाऱ्याचं नाव राहतं, हे आमच्या गावात कुणाला सांगू नका.

एकतिसाव्याचा निकाल लावला ऑयलर या स्विस गणितज्ञाने, १७७२ मध्ये. तेव्हा तो पासष्टीचा होता आणि सेंट पीटर्सबर्गला राहत होता. एक डोळा तरुणपणीच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू, शस्त्रक्रिया करून बघितली आणि तोही जवळपास गेला. आदल्याच वर्षी शहरात आग लागून राहतं घर जळालेलं. अशा अवस्थेत या माणसाने बर्नुली या गणितज्ञाला पत्रातून कळवलं की २१४७४८३६४७ ही मूळ आहे, मी तपासलंय.

तपासलं म्हणजे काय केलं, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटतं. सरळ मार्ग शाळेतलाच. वर्गमूळ काढा, ते ४६३४० च्या थोडं पुढे येतं. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहा. अशा मूळ संख्या आहेत ४७९२. म्हणजे दहा अंकी संख्येचे पावणेपाच हजारांवर भागाकार, आणि एकाही ठिकाणी हातचा चुकता कामा नये. दिवसाला दहा केले तरी सव्वा वर्ष.

ऑयलरला ठाऊक होतं की चोर येणार असेल तर तो कोणत्या गल्लीतून येईल. अकराव्या घाताचे विभाजक पाहा. २३ म्हणजे दोन वेळा अकरा अधिक एक, ८९ म्हणजे आठ वेळा अकरा अधिक एक. तेविसाव्याचा ४७, दोन वेळा तेवीस अधिक एक. एकोणतिसाव्याचा २३३, आठ वेळा एकोणतीस अधिक एक. हा योगायोग नाही, नियम आहे. म्हणून एकतिसाव्याला कुणी भागणार असेल तर तो बासष्टच्या पटीहून एकने जास्त असलाच पाहिजे. त्यावर आणखी एक चाळणी, आठने भागलं तर बाकी एक किंवा सात आली पाहिजे. दोन्ही चाळण्या एकत्र केल्या की २४८ च्या पटीत १ मिळवलेल्या किंवा ६३ मिळवलेल्या संख्याच उरतात. झाले जास्तीत जास्त ३७२ भागाकार. त्यातल्या ज्या स्वतःच फुटतात त्या काढल्या तर काम ऐंशीच्या घरात येतं.

मी ते करून पाहायला बसलो. ६३ फुटते. २४९ म्हणजे तीन गुणिले ८३, गेली. पहिली खरी संशयित ३११. तीनशे अकराने भागायचं म्हणजे पाढा मांडून घ्यावा लागतो: ३११, ६२२, ९३३, १२४४, १५५५, १८६६, २१७७, २४८८, २७९९. आता २१४७ मध्ये सहा वेळा, १८६६ वजा, उरले २८१. वरून चार उतरवला. २८१४ मध्ये नऊ वेळा, उरले १५. आठ उतरवला, १५८, शून्याचा भाग. तीन उतरवला, १५८३, पाच वेळा, २८ उरले. सहा उतरवला, २८६, पुन्हा शून्य. चार उतरवला, २८६४, नऊ वेळा, ६५. सात उतरवला, ६५७, दोन वेळा. बाकी ३५. भाग गेला नाही. ३११ च्या नावावर काट मारली. पुढची १३०३. बाकी २२६. काट. पुढची १४८९.

तीन भागाकारांनंतर मी कंदिलाकडे, म्हणजे ट्यूबलाइटकडे, पाहत बसलो. डोळे गेलेला माणूस हे कसं करत असेल? त्याच्या हाताशी मदतनीस असत, तो सांगे आणि ते लिहून घेत. पण उतरवलेला आकडा डोक्यात धरून ठेवायचा त्यालाच. आमच्याकडे जुने हातमागवाले अंधारात तुटलेला धागा बोटाने शोधून जोडत, असं वडील सांगायचे. तसंच काहीसं असेल.

ही संख्या मग जवळजवळ शंभर वर्षं माणसाला माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या म्हणून मिरवली. १८११ मध्ये पीटर बार्लो नावाच्या इंग्रज गणितज्ञाने हिच्यावरून मिळणाऱ्या परिपूर्ण संख्येबद्दल लिहून ठेवलं. परिपूर्ण म्हणजे जिचे स्वतःहून लहान सगळे विभाजक मिळवले की तीच परत येते: सहा म्हणजे एक, दोन, तीन. अठ्ठावीसही तशीच. एकतिसाव्यावरून येते ती २३०५८४३००८१३९९५२१२८. बार्लोचं म्हणणं असं, की याहून मोठी कधी सापडणार नाही, कारण या संख्या नुसत्या कुतूहलाच्या आहेत, त्यांचा उपयोग काही नाही, तेव्हा कोण कशाला शोधत बसेल?

आबांचाही प्रश्न हाच होता. "मंग काय कामना तो नंबर?"

बार्लोचं भाकीत खोटं ठरायला फार वेळ लागला नाही. १८७६ मध्ये ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १२७ व्या घातावरची संख्या मूळ असल्याचं सिद्ध केलं, एकोणचाळीस अंकी संख्या, तीही कागदावर, विभाजक न शोधता, वेगळ्याच युक्तीने. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांना सापडलेली दोनच्या १३६२७९८४१ व्या घाताला एक कमी अशी जी संख्या जाहीर झाली तिला ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत. फुलस्केपच्या एका पानावर तीन हजार अंक बसवले तर साडेतेरा हजारांवर पानं होतील. तपासायला लागलेली युक्ती मात्र ल्युकाचीच, पुढे लेमरने घासूनपुसून घेतलेली. तिच्यात एक गोष्ट मला फार आवडते. संख्या फुटते की नाही हे ती पक्कं सांगते, पण फुटत असेल तर कुठे फुटते हे सांगत नाही. ल्युकाने याच रीतीने ६७ व्या घातावरची संख्या फुटते हे १८७६ मध्येच दाखवलं होतं. फुटते कुठे, ते कोल या अमेरिकन गणितज्ञाने १९०३ मध्ये फळ्यावर गुणाकार करून दाखवलं: १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७. मधली सत्तावीस वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं की या भिंतीला चीर आहे, आणि चीर कुणालाच दिसत नव्हती.

उपयोगाचं म्हणाल तर तोही निघाला. फोनवरून पैसे पाठवताना, बँकेची साइट उघडताना जी कुलपं लागतात त्यातली पुष्कळशी अशा न दिसणाऱ्या चिरेवरच चालतात. दोन तीनशे-तीनशे अंकी मूळ संख्या गुणायच्या आणि गुणाकार चारचौघांत सांगून टाकायचा. परत फोडणं कुणाला जमत नाही. आबांना मी एवढंच सांगितलं, की तुमच्या फोनमधल्या पैशांना जे कुलूप आहे ते या संख्येच्या भाऊबंदांचं आहे. त्यांनी फोन खिशात जरा आत सरकवला.

पण मला स्वतःला हे उत्तर द्यायला आवडत नाही. उपयोग झाला म्हणून ठीक, नाहीतर वेळ फुकट, असं त्यातून निघतं. आमच्याकडे या बाबतीत एक जुना दाखला आहे आणि तो शाळेपासून एसटीने दीड तासावर आहे.

चाळीसगावहून अठरा किलोमीटरवर पाटणादेवी. सह्याद्रीच्या कुशीत, गौताळ्याच्या जंगलाला लागून. दर दोन वर्षांनी मी मुलांची सहल तिथे नेतो. मुलांना धबधबा हवा असतो, मला शिलालेख. शके ११२८ मधला, १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रसिद्ध केलेला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी, याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला दान दिलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. पण पैशाची गोष्ट आली की लेख त्या काळच्या मराठीत उतरतो. इथल्या बाजारात जो माल येईल त्यावरचं राजाचं उत्पन्न मठाला. जेवढे घाणे चालतील तेवढ्यांमागे पळी पळी तेल.

ती पळीभर तेलाची अट मी मुलांना दर वेळी दाखवतो. आठशे वर्षांपूर्वी या डोंगराखाली कुणीतरी तेली घाण्याला बैल जुंपायचा, आणि त्याच्या तेलातली एक पळी गणित शिकणाऱ्या पोरांच्या दिव्यात जायची. त्या पोरांना तिथे कुट्टक ही समीकरणं सोडवायची जुनी रीत शिकवत असणार, जिच्यात भाजक आणि भाज्य यांना सामाईक असेल ते काढून टाकून ते 'दृढ' करून घ्यावे लागतात. आणखी फुटणार नाहीत असे. तेल्याने विचारलं असेल का, काय कामाचं म्हणून? विचारलं असेलच. खानदेशातला माणूस विचारल्याशिवाय पळीभर तेल देत नाही. पण देतो.

मध्ये एक गंमत कळली. पुष्कळ संगणकांची घड्याळं १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजत आली आहेत, आणि जुन्या यंत्रांत ते मोजायला हेच एकतीस खण आहेत. १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले, की मोजणी २१४७४८३६४७ वर येईल. ज्या यंत्रांची दुरुस्ती झाली नसेल ती पुढच्या सेकंदाला गोते खाऊन थेट १९०१ सालात जातील. २०१४ मध्ये यूट्यूबवर एक कोरियन गाणं या आकड्याच्या पलीकडे गेलं तेव्हा त्यांनाही मोजायचं माप बदलावं लागलं होतं. मला तोवर निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली असतील. त्या दिवशी मंगळवार आहे, एवढं पाहून ठेवलंय.

या वर्षी नववीच्या वर्गात मी मागच्या भिंतीवर एक मोठा कागद लावला. वर ठळक २१४७४८३६४७, खाली संशयितांची रांग: ३११, १३०३, १४८९, २५४३, २७२९, २७९१... प्रत्येकाने एक नाव घ्यायचं, घरून भागाकार करून आणायचा, बाकी लिहायची आणि काट मारायची. कॅल्क्युलेटर नाही. ऐंशीच्या घरातली नावं, बेचाळीस मुलं. काहींनी पहिल्याच दिवशी मोबाइलवर करून आणलं, ते कळतंच, कारण त्यांच्या वहीत खाडाखोड नसते. त्यांना दुसरी नावं दिली.

ज्या मुलीकडे ३११ होती ती तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. आई-वडील दोघंही कापूस वेचायला जातात, ही घरी स्वयंपाक करून शाळेत येते. वही उघडून तिने पुढे केली. अक्षर मोत्यासारखं, भागाकार पायरीपायरीने उतरलेला. भागाकार ६४८७८६६. बाकी १.

माझा हात वहीवर थांबला. ३११ ची बाकी मला पाठ होती, पस्तीस. मग वर पाहिलं. तिने भिंतीवरच्या कागदावरून उतरवून घेताना ३११ च्या जागी ३३१ लिहिलं होतं. बाकी सगळं बरोबर. एकही हातचा चुकलेला नव्हता.

"सर," ती म्हणाली, "एकानंच हुकलं ना. वरच्यातला एक कमी केला तर चालेल का?"